सिगारेट सुटली होती, परत लागली: दुसऱ्यांदा सोडताना काय करायचं

ज्याने अजून एकदाही सिगारेट सोडून पाहिलेली नाही त्याला हा लेख फारसा उपयोगाचा नाही. ज्याची एकदा सुटली, आईने गणपतीला नारळ वाढवला, ऑफिसात चारजणांनी पाठ थोपटली आणि आता जो संध्याकाळी दोन लवंगा चघळत जिना चढतो, त्याच्यासाठी हे लिहितोय.

मी शनिवार पेठेतल्या एका प्रेसमध्ये डीटीपी आणि प्लेटांचं काम बघतो. सतरा वर्षं ओढली, दिवसाला आठ-दहा. मग चौदा महिने पूर्ण बंद. मग परत सहा महिने चालू. आता पुन्हा बंद आहे, त्याला तिसरं वर्ष लागलंय. मी डॉक्टर नाही. औषधांचं जे लिहिलंय ते मला डॉक्टरांनी सांगितलेलं आणि मी नंतर वाचून पडताळलेलं आहे. बीपी, हृदय, फिट्स, गरोदरपण यांपैकी काही असेल तर औषध डॉक्टरांना विचारूनच घ्यायचं.

‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण आपल्याला लागू पडते. फरक इतकाच की इथे पुढचाही आपणच आणि मागचाही आपणच.

१. तारीख नंतर, आधी पंचनामा

परत सोडायचं ठरवलं की पहिली ऊर्मी येते ती पाकीट चुरगाळून कचऱ्यात टाकायची. मी हे तीनदा केलं. तिन्ही वेळा चोवीस तासांच्या आत टपरीवर होतो. एकदा तर ते पाकीट कचऱ्यातूनच काढलं, चहाच्या चोथ्याखालून. दोन सिगारेटी कोरड्या निघाल्या.

पाकीट टाकायच्या आधी एक कागद घ्या आणि त्यावर तीन घटना तारीखवार लिहा: बंद असताना ओढलेली पहिली सिगारेट, दुसरी सिगारेट, आणि स्वतःच्या पैशांनी घेतलेलं पहिलं पाकीट. प्रत्येकीपुढे कुठे होतो, कोण सोबत होतं, आधीच्या तासाभरात काय झालं, जेवलो होतो का, झोप झाली होती का, आणि त्या क्षणी स्वतःशी काय बोललो, एवढं लिहा. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. ‘टेन्शन होतं’ असं लिहायला बंदी. टेन्शन त्या चौदा महिन्यांतही होतंच.

माझा कागद असा होता.

पहिली: जूनमध्ये, नव्या पेठेत वैकुंठ स्मशानभूमीत. मामा गेला होता. दाहिनीला नंबर लागायचा होता, पाऊस भुरभुरत होता, सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नाही. मावसभावाने न बोलता पाकीट पुढे केलं. मी घेतली. चक्कर आली, तोंड जळक्या कागदासारखं झालं, अर्धी टाकून दिली.

दुसरी: बारा दिवसांनी, प्रेसच्या खाली. मशीन बंद पडलं होतं, मेकॅनिक यायला तासभर होता. स्वतःशी काय बोललो ते लख्ख आठवतं: ‘त्या दिवशी ओढली, पुढे बारा दिवस आठवणही आली नाही. म्हणजे आता आपल्याला एखादी चालते.’

पाकीट: ऑगस्टचा पहिला आठवडा. कारण काय, तर सुट्या सिगारेटी महाग पडतात. काटकसर म्हणून.

कागद समोर ठेवल्यावर कळलं की इतके महिने मी वैकुंठाला दोष देत होतो, मामाला आणि मावसभावाला. खरी गफलत दुसऱ्या सिगारेटीशी होती. मधले बारा दिवस न ओढता गेले, तोच मला पुरावा वाटला की व्यसन गेलंय. पहिली सिगारेट दुःखात, नकळत, कुणाच्या तरी हातून येते. दुसरी आपण विचार करून घेतो.

आणखी एक गोष्ट कागदावर नव्हती, बायकोने दाखवली. जानेवारीपासूनच मी टपरीवर ‘नुसत्या चहाला’ उभा राहायला लागलो होतो. आणि कुणी सिगारेट पुढे केली की पहिले काही महिने ‘मी ओढत नाही’ म्हणायचो, ते कधीतरी ‘सध्या बंद आहे’ झालं होतं. ‘सध्या’ हा शब्द पंचनाम्यात येईपर्यंत मला कधी ऐकूच आला नव्हता.

२. आत्ता किती ओढता, ते खोटं न बोलता मोजा

परत लागलेल्या माणसाचा आकडा नेहमी कमी असतो. ‘पूर्वी दहा होत्या, आता तीन-चारच.’ पाकिटात एक चिठ्ठी आणि पेन्सिलीचा तुकडा सरकवून ठेवा. प्रत्येक सिगारेट पेटवायच्या आधी वेळ टाका. आधी, नंतर नाही. चार दिवस पुरे. माझ्या ‘चार’ निघाल्या सात, आणि दिवाळी अंकांच्या फर्म्यांवर रात्री बसलो की अकरा.

त्या चिठ्ठीवर दोन गोष्टी बघा. एक म्हणजे उठल्यावर पहिली किती वेळात. शरीरातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, म्हणून रात्रीच्या झोपेनंतर सकाळी टाकी जवळजवळ रिकामी असते. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत हात पाकिटाकडे जात असेल तर शरीर चांगलंच अडकलंय असं समजा आणि चौथी पायरी टाळू नका. दुसरी म्हणजे कोणत्या सिगारेटी तलफेच्या आणि कोणत्या नुसत्या सवयीच्या. माझ्या सातांपैकी तीन अशा होत्या की त्या वेळी कुणी फोन केला असता तर राहून गेल्या असत्या.

‘लाइट’ सिगारेट घेऊन कमी केल्याचं समाधान मानू नका. माणूस झुरके खोल आणि जास्त घेतो, हिशोब तिथेच येतो.

३. तारीख: पुढच्या दोन आठवड्यांतली, आणि सणाची नको

दोन आठवड्यांपेक्षा लांबची तारीख म्हणजे परवानगी. एक जानेवारी, पाडवा, वाढदिवस हे दिवस दिसायला छान, पण त्या दिवशी माणसं भेटतात, जागरण होतं, पार्टी होते.

सगळ्यात फसवा महिना श्रावण. आपल्याकडे श्रावणात मटण आणि बाटली बंद ठेवतात, बरेचजण त्याला सिगारेट जोडतात. अडचण अशी की श्रावण पाळायचा असतो, आणि जे पाळलं ते कधीतरी सोडायचं असतं. महिनाभर माणूस कॅलेंडरकडे बघत काढतो. मी कॉलेजात असताना दोन श्रावण असे पाळले. संपल्यावर दोन्ही वेळा उपास सोडल्यासारखी ओढली.

मी डिसेंबरमधला एक साधा बुधवार धरला. दिवाळी अंक बाजारात गेले होते, प्रेसमध्ये कामं थोडी हलकी होती, त्या आठवड्यात लग्न नव्हतं. आधीच्या मंगळवारी दाढीचं ब्लेड आणि दूध आणायला गेलो तेव्हा निकोटिनच्या च्युइंगमच्या गोळ्याही आणल्या. एवढाच समारंभ.

४. औषध घ्या, आणि नीट घ्या

पहिल्या वेळी ‘मनाचा निश्चय’ पुरला, म्हणून दुसऱ्या वेळीही तोच पुरावा असा हट्ट कशाला? औषधाने यशाची शक्यता वाढते हे नीट तपासून सिद्ध झालेलं आहे. पुण्यात माणसाला चष्मा लावायची लाज वाटत नाही, पण निकोटिनचं च्युइंगम मागताना तो केमिस्टच्या कानात बोलतो.

च्युइंगम. दोन मिलिग्रॅमचं कुठल्याही केमिस्टकडे मिळतं, निकोटेक्स हे नाव सगळ्यांना माहीत आहे. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत ओढणाऱ्यांना साधारणपणे चार मिलिग्रॅमचं सांगतात, त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी घ्या. पहिल्या खेपेला मी ते साध्या च्युइंगमसारखं कचाकचा चावलं, उचक्या लागल्या, छातीत जळजळलं, आणि ‘हे आपल्याला सोसत नाही’ म्हणून तिसऱ्या आठवड्यात बंद केलं. चूक माझीच होती. पद्धत अशी: सात-आठ वेळा सावकाश चावा, जिभेला मिरमिर झाली की थांबा आणि गोळी गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्या. मिरमिर गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावा, जागा बदला. अर्धा तास असं चालतं. निकोटिन गालातून शोषलं जातं. गिळलं की फक्त पोट बिघडतं.

घ्यायच्या आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक काही नाही. तोंड आंबट झालं की ते नीट शोषलं जात नाही. बरेचजण चहा पिऊन लगेच गोळी टाकतात आणि मग म्हणतात गुण येत नाही.

आणखी एक अपेक्षा सोडा. सिगारेटचा झुरका काही सेकंदांत मेंदूत पोचतो, गोळीला काही मिनिटं लागतात. ती किक येणार नाही. तलफ यायची वाट न बघता सुरुवातीला दर एक-दोन तासांनी घ्यायची. सहा आठवडे असं, मग तीन आठवडे दोन-चार तासांनी, मग तीन आठवडे चार-आठ तासांनी. एकूण बारा आठवडे. तिसऱ्या आठवड्यात ‘आता बरं वाटतंय’ म्हणून थांबवणं हा इथला सगळ्यात मोठा खड्डा आहे. बरं वाटतंय ते गोळीमुळे.

पॅच. दंडावर किंवा पाठीवर लावायचा, रोज जागा बदलायची. दिवसाला दहापेक्षा जास्त ओढणाऱ्यांना साधारण २१ मिलिग्रॅमपासून, कमी असतील तर १४ पासून सुरू करतात. पॅच दिवसभराची पातळी सांभाळतो, अचानक आलेल्या तलफेला वर गोळी. दोन्ही मिळून एकट्यापेक्षा चांगलं काम करतात. पॅच लावून झोपल्यावर चित्रविचित्र स्वप्नं पडली तर डॉक्टरांना विचारून रात्री काढून ठेवता येतो. मला स्वप्नात अख्खा अंक उलटा छापून आला होता.

पोटात घ्यायच्या गोळ्या. बुप्रोपियॉन आणि व्हॅरेनिक्लिन ही चिठ्ठीवरची औषधं. ती सोडायच्या तारखेच्या आठवडाभर आधी सुरू करावी लागतात, म्हणून डॉक्टरांकडे आधीच जा. फिट्सचा त्रास असेल तर बुप्रोपियॉन चालत नाही, ते लपवू नका.

डॉक्टरांकडे जाताना बरोबर न्या: वेळा टाकलेली ती चिठ्ठी, पंचनाम्याचा कागद, मागच्या वेळी काय वापरलं आणि कधी थांबवलं, आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या. पट्ट्या का? दम्यासाठी थिओफिलिन चालू असलेल्यांना हे माहीत हवं की सिगारेटचा धूर ते औषध शरीरातून लवकर बाहेर काढतो. सिगारेट बंद झाली की तोच डोस जास्त होऊ शकतो. रक्त पातळ करणारी आणि मानसोपचाराची काही औषधंही या यादीत येतात.

जायचं कुठे? नेहमीचा फॅमिली डॉक्टर पुष्कळदा पुरतो. ससून रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात केसपेपर काढून दाखवता येतं, आधारकार्ड बरोबर असू द्या. डेंटल कॉलेजांमध्ये तंबाखूमुक्ती केंद्रं असतात, हे अनेकांना ठाऊक नसतं. दात साफ करायला जाल तेव्हा विचारा. सिगारेटीबरोबर दारूही हाताबाहेर गेली असेल तर येरवड्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतंय.

आणि कुठेच जावंसं वाटत नसेल तर पाकिटावरच नंबर छापलेला आहे: १८००-११-२३५६. फुकट आहे, सकाळी आठ ते रात्री आठ, सोमवारी बंद. मी वर्षानुवर्षं तो नंबर अंगठ्याखाली धरून सिगारेट काढत होतो. फोन केला तर पलीकडच्या बाईंनी उपदेश केला नाही, मागच्या वेळी काय झालं तेवढं विचारलं. माझ्याकडे कागद तयार होता, वाचून दाखवला.

५. घरातून आणि गाडीतून सगळं काढा

आदल्या रात्री. पाकिटं, लायटर, रक्षापात्र म्हणून वापरलेला तो डबा. स्कूटरच्या डिकीत, रेनकोटच्या खिशात, लॅपटॉपच्या बॅगेच्या त्या चेनमध्ये ‘अडीअडचणीला’ ठेवलेली एक असतेच. जॅकेट धुवायला टाका. देवघरातली काडेपेटी राहू द्या, तिच्यावर राग काढू नका.

६. टपरीचं काय करायचं

पुण्यात हा प्रश्न घरापेक्षा मोठा आहे. हिंजवडीत कंपनीच्या गेटबाहेर, पेठांत प्रत्येक बोळाच्या तोंडाशी, तीच पाटी, तीच बरणी, तोच दोरीला लटकवलेला लायटर. महाराष्ट्रात सुटी सिगारेट विकायला २०२० पासून बंदी आहे. टपरीवर त्याचा काय परिणाम झालाय ते तुम्हीच बघता. तेव्हा कायद्यावर विसंबू नका, रस्ता बदला.

मी खालच्या टपरीवाल्या काकांना जाऊन सांगितलं, ‘काका, उद्यापासून मला देऊ नका.’

त्यांनी चुना लावता लावता मान वर केली. ‘साहेब, मागच्या वेळीही हेच म्हणाला होतात.’

‘हो. म्हणूनच या वेळी चहालाही येणार नाही.’

‘मग उधारी?’

उधारी एकशे ऐंशी रुपये होती. ती तिथेच भागवली. हे लक्षात असू द्या: उधारी ठेवू नका. ती द्यायला जाताना माणूस परत ओढून येतो.

चहा बंद करायचा नाही, जागा बदलायची. जिथे सिगारेट मिळत नाही असं एखादं अमृततुल्य हेरा. पुण्यात ती बरीच आहेत. उभं राहून पिऊ नका, बाकावर बसून प्या. ऐकायला चिल्लर वाटेल, पण माझ्या हाताला सिगारेट आठवायची ती उभं राहिल्यावर, भिंतीला पाय लावून.

आणि चहा निम्मा करा. सिगारेटच्या धुरामुळे शरीर कॅफिन लवकर संपवतं. धूर बंद झाला की तेच चार कप जास्त चढतात: हात थरथरतात, छाती धडधडते, रात्री डोळा लागत नाही. लोक म्हणतात सिगारेट सोडल्यामुळे झोप उडाली. अर्धा दोष चहाचा असतो.

७. पहिले तीन दिवस, मग तीन आठवडे

दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट. हे तुम्हाला आठवतंच. शरीराचा त्रास साधारण दोन ते चार आठवड्यांत उतरतो. चिडचिड, भूक, लक्ष न लागणं, बद्धकोष्ठ, तोंडात फोड, काहीजणांना खोकला वाढतो. फुप्फुसांतली झाडलोट परत सुरू झाल्याने तसं होतं. महिनाभर टिकला किंवा रक्त दिसलं तर मात्र दाखवून घ्या.

एकेक तलफ मात्र तीन ते पाच मिनिटांचीच असते. हे घड्याळ लावून बघा, मी बघितलंय. प्रेसमध्ये दुपारी चारला ती यायची. मी नळाखाली हात धरायचो, मग मोसंबी सोलायला घ्यायचो. मोसंबीच का, तर ती सोलायला दोन्ही हात लागतात आणि नीट सोलायची म्हटली तर चार मिनिटं जातात. बोटांना वास राहतो तोही बदललेला. पहिल्या पंधरवड्यात टेबलावर इतकी सालं जमायची की मालकांनी विचारलं, ‘उपास आहे का?’

संध्याकाळी पर्वती. एकशे तीन पायऱ्या. पहिल्या दिवशी मी मध्ये दोनदा थांबलो आणि दुसऱ्यांदा थांबलो तिथे सत्तरीच्या एक आजी माझ्या बाजूने मंत्र पुटपुटत वर निघून गेल्या. पाचव्या आठवड्यात न थांबता वर पोचलो. तुम्हाला पर्वती लांब पडत असेल तर हनुमान टेकडी, तळजाई, वेताळ टेकडी, जे जवळ असेल ते. वेळ मात्र तीच धरा जेव्हा पूर्वी ओढायचात.

वजन वाढतं. माझं चार किलो वाढलं, वर्षात तीन उतरलं. फुटाणे, काकडी जवळ ठेवा आणि पहिल्या तीन महिन्यांत डाएट वगैरे सुरू करू नका. दोन लढाया एकदम नकोत.

आता ‘त्याऐवजी’ हा सापळा. सिगारेटच्या जागी गोड सुपारी, मिश्री, हुक्का. सुपारीत तंबाखू नसली तरी ती स्वतःच कर्करोग करणारी आहे, तोंड उघडेनासं होतं. घरची आवळा सुपारी चालेल, तिच्यात सुपारी नसतेच. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, आजी लावायची म्हणून ती औषध होत नाही. हुक्क्याचा धूर पाण्यातून येतो म्हणून स्वच्छ होत नाही. ई-सिगारेटवर आपल्या देशात २०१९ पासून बंदी आहे. जे मिळतं ते चोरून आलेलं, आत काय आहे कुणाला ठाऊक नाही.

आणि ‘बसणं’. पहिला महिना, जमलं तर दोन, मित्रांबरोबर बसायला जाऊ नका. दोन पेग झाले की पंचनामा, कागद, गोळ्या काही आठवत नाही. मित्र रागावतील. माझा एक रागावला, तीन महिने बोलला नाही, नंतर त्यानेच फोन करून विचारलं की ती गोळी कुठे मिळते.

८. घरी सांगायचं का?

पहिल्यांदा मी सगळ्यांना सांगितलं होतं. त्यामुळे परत लागली तेव्हा लपवावं लागलं, आणि लपवण्यानेच ती वाढली. एकट्याने, घाईघाईत, गाडी आडबाजूला लावून ओढलेल्या सिगारेटी मोजायला कुणी नसतं.

दुसऱ्यांदा दोघांनाच सांगितलं, बायकोला आणि प्रेसमधल्या एका सहकाऱ्याला. तिला सांगताना वाटलं होतं भांडण होईल. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, ‘मला माहितीये. ऑगस्टपासून. लवंगा संपत होत्या ना.’

मग थोड्या वेळाने, ‘या वेळी मला रोज दिवस मोजून सांगू नकोस. मागच्या वेळी तू चारशे म्हणालास की मला चारशे एकची भीती वाटायची. ओढलीस तर त्याच रात्री सांग. मी ओरडणार नाही.’

ज्याला सांगाल त्याच्याशी एवढा एकच करार करा. शपथा घेऊ नका. मुलांच्या डोक्यावर हात ठेवून तर अजिबात नको. शपथ मोडली की माणूस सिगारेटीसाठी कमी आणि शपथेसाठी जास्त रडतो, आणि त्या रडण्यावर पुन्हा एक ओढतो.

९. ‘एक ओढली तर’ची तयारी आधीच

पहिल्या वेळी माझ्याकडे सोडायची योजना होती, घसरल्यावर काय करायचं याची नव्हती. म्हणून बारा दिवस मी स्वतःशीच वाटाघाटी करत बसलो. आता पाकिटात, म्हणजे पैशांच्या पाकिटात, व्हिजिटिंग कार्डाच्या मागे चार ओळी लिहून ठेवल्यात:

एक ओढली आहे. व्यसन परत लागलेलं नाही, पण एखादी चालते असंही नाही.
हातातली विझव. उरलेल्या कुणाला तरी परत दे, खिशात ठेवू नकोस.
आज रात्री घरी सांग.
उद्या सकाळपासून गोळी परत सुरू, दोन आठवडे.

तिसरी ओळ सगळ्यात अवघड. पण पंचनाम्यातले ते बारा दिवस तीच ओळ खाऊन टाकते.

तुमच्याही धोक्याच्या जागांची यादी त्या कागदावरून निघेल. माझी अशी: कुणाचं तरी जाणं, दिवाळी अंकांच्या रात्री, विसर्जनाची मिरवणूक (रात्रभर उभं राहायचं, ढोलवाले ब्रेक घेतात तेव्हा सगळेच पेटवतात), सिंहगडावर कॉलेजच्या ग्रुपबरोबर, आणि मोठं बिल वसूल झाल्याचा आनंद. आनंदाची सिगारेट लोक यादीत लिहायला विसरतात. मीही विसरलो होतो, चौथ्या महिन्यात एका कॅटलॉगचा चेक वटला तेव्हा आठवलं. त्या दिवशी कार्ड काढून वाचलं, पेरूगेटपर्यंत चालत गेलो आणि परत आलो.

गेल्या पावसाळ्यात मावशी गेली. वैकुंठात जायला निघताना मी छत्री घ्यायच्या आधी शर्टाच्या खिशात गोळ्यांची पट्टी टाकली, दोन वर्षं लागली नव्हती ती. घरून पोहे खाऊन निघालो. तोच मावसभाऊ, तीच जागा, त्याची आई. त्याने पाकीट काढलं, माझ्याकडे बघितलं, आणि परत खिशात ठेवलं.

‘तू ओढ रे,’ मी म्हणालो. ‘मी ओढत नाही.’

तो थोडा वेळ पावसाकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘तुझ्याकडे ते काय असतं ते आहे का?’ मी पट्टीतली एक गोळी काढून दिली आणि कशी चावायची ते सांगितलं. त्याने अर्थातच कचाकचा चावली. उचकी लागली.